डिसेंबरात उडालेला पैसा जानेवारीत डोकं खातो

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला गेलो. दोनच दिवस, पण कार्ड किती वेळा घासलं ते घासताना कळलंच नाही, बिल आलं २२,००० चं. मी शहाणपणा करून फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते तो कमीत कमी हिस्सा, भरला, ११०० रुपये. पुढच्या बिलात व्याज आणि वर १८ टक्के जीएसटी मिळून ९०० च्या वर लागले होते, म्हणजे मुद्दल जेमतेम हललं. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचं ४२ होतं. त्यात मिनिमम भरून बाकी ठेवलं की नव्या खरेदीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज चालू, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

मी काही उधळ्या माणूस नाही हो. खडेबाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा मी तिकडं असा का वागलो म्हणून वाचायला लागलो, तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा एक प्रयोग सापडला, २००१ साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, निम्म्यांना म्हणाले रोख द्यायचे, निम्म्यांना कार्डानं. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या वर! हातातून नोट जाताना जिवाला चटका बसतो, तो चटका म्हणजेच ब्रेक, आणि कार्ड तोच ब्रेक काढून टाकतं.

गिफ्टांची तर वेगळीच गंमत. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशोब मांडला, कॉलेजच्या पोरांना विचारलं की तुला मिळालेली वस्तू तुझ्या मते किती किमतीची. तर देणाऱ्यानं घातलेल्या पैशातले दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत वाया जातात असं त्याच्या अंदाजात निघालं. आपल्याकडं हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला पाहिजे, लग्नात आहेर आलेला शर्टपीस कपाटातून निघून दुसऱ्याच्या लग्नात जातो, तिथून तिसऱ्याच्या, शिवत कुणीच नाही.

पण मला सगळ्यात भिडला तो उसाचा अभ्यास. आमच्या जिल्ह्यात उसाचं बिल हा घरोघरी जिव्हाळ्याचा विषय, कायद्यानं १४ दिवसांत मिळायला पाहिजे, प्रत्यक्षात कारखान्याकडं डोळे लावून बसायचं. तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना संशोधकांनी तोडणीआधी, हात तंग असताना, आकृत्यांची आणि आकड्यांची कोडी घातली आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर परत घातली. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत चुका जास्त आणि वेळही जास्त. २०१३ साली 'सायन्स' मासिकात हे आलं. पैशाची काळजी मागं चालूच राहते, मोबाइलमधल्या बंद न केलेल्या ॲपसारखी, आणि बाकीच्या विचाराला जागाच उरत नाही. म्हणून जानेवारीत देणं डोक्यावर असताना माणूस नेमका आणखी चुकीचा निर्णय घेतो, मी नाही का, पहिलं बिल भागवायला दुसरं कार्ड काढायला निघालो होतो. बायकोनं हाणून पाडलं.

मग करायचं काय? आमच्या ओळखीच्या एक मावशी कॅम्पात राहतात, परवा त्यांच्याकडं गेलो तेव्हा टेबलभर वर्तमानपत्र पसरून नेवऱ्या, म्हणजे नाताळच्या करंज्या, भरत बसल्या होत्या, अंगठ्यानं कड मुडपत. शेजारी बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आणि शंभर पानी वही. त्यांच्या बारा बायका जानेवारी ते नोव्हेंबर महिन्याला ५०० रुपये टाकतात, डिसेंबरच्या एक तारखेला प्रत्येकीला साडेपाच हजार. साधी भिशी असती तर दर महिन्याला एकीला उचल मिळाली असती, इथं तसं नाही, मधे कुणालाही काढता येत नाही. मी म्हटलं, मावशी यावर व्याज काय मिळतं? "व्याज कसलं, मोडता येत नाही तेच व्याज," म्हणाल्या.

हेच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावातल्या एका बँकेनं १९०९ साली चालू केलं होतं, नाव ख्रिसमस क्लब. अशा खात्यांवर व्याज कमी, कधी मुळीच नसायचं, तरी लोकांची रांग लागायची. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते म्हणतात माणूस मनात पैशाचे कप्पे पाडतो, हा फीचा, हा सणाचा, आणि एका कप्प्यातले दुसऱ्यात घालायला त्याला जड जातं. खरं तर रुपया रुपयाच, हिशोबात हा वेडेपणाच आहे. पण त्याच वेडेपणाला डबा दिला की तो कामाला येतो. डिसेंबरात मन आवरण्यापेक्षा जानेवारीतच पैसे नजरेआड करणं सोपं.

मी विचारलं, मला घेता का तुमच्यात?

"आता येऊन काय उपयोग, एक जानेवारीला ये की. आणि नोटा घेऊन ये, ते फोनवरनं पाठवलेलं चालत नाही."

फोनवरनं का नको ते त्यांनी सांगितलं नाही, परत नेवरीकडं वळल्या.