रोगजंतूच्या डीएनएचा शोध आणि चुंबकीय नॅनोकण : पार्श्वभूमी

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, आणि पुढची शंभर वर्षे निदानाचा भार सूक्ष्मदर्शक व कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) यांवरच राहिला. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते काचपट्टीवर सापडत नाहीत, आणि कल्चरला कित्येक आठवडे लागतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर पडणाऱ्या बीड-धारूरकडच्या मजुराचा अहवाल इतक्या उशिरा आला, तर औषध सुरू करायला तो गावात सापडतोच असे नाही.

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली आणि मोजक्या डीएनएच्या असंख्य प्रती करणे शक्य झाले. पण थुंकीतून किंवा रक्तातून तो डीएनए स्वच्छ वेगळा काढणे किचकटच राहिले. चुंबक कामी आला तो याच टप्प्यावर. नॉर्वेच्या जॉन उगेलस्टाड यांनी १९७०च्या दशकात पॉलिमरचे एकसारखे सूक्ष्म मणी बनवले, आणि पुढे त्यांत लोहाचे ऑक्साइड भरण्यात आले. असे मणी मिसळलेल्या तपकिरी द्रावाच्या नळीला बाजूने चुंबक लावला, की थोड्याच वेळात सारे मणी त्या भिंतीला चिकटतात, नितळ द्राव काढून टाकता येतो आणि मण्यांवर धरलेला डीएनए धुऊन घेता येतो. काही नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) ऑक्साइड कणांचा विशेष असा, की चुंबक दूर होताच त्यांचे चुंबकत्व ओसरते, त्यामुळे त्यांच्या गुठळ्या राहत नाहीत.

मात्र चुंबक फक्त गोळा करतो. जंतू ओळखतो तो कणावर बसवलेला, जंतूच्या डीएनएशी नेमका जुळणारा पूरक धागा, आणि माझ्या मते या तंत्राचे खरे मर्म तेच आहे. २००२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी दाखवले, की अशा धाग्यांचे नॅनोकण लक्ष्य रेणूभोवती एकत्र आले की भोवतालच्या पाण्याचा चुंबकीय अनुनादाचा (एमआरआय ज्यावर चालतो त्याचा) संकेत बदलतो. त्यामुळे गोळा करणारा कण मोजमापाचेही साधन झाला. २०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी थुंकीतील क्षयजंतू आणि त्याची औषधरोधकता अडीच तासांत ओळखली. २०१४ मध्ये अमेरिकेत कॅन्डिडा बुरशीची रक्तातून थेट, कल्चरविना होणारी चाचणी मंजूर झाली, तीही याच तत्त्वावरची.

या दोन्ही चाचण्यांत आधी पीसीआर करावाच लागतो, हे स्पष्ट सांगायला हवे. मराठवाड्यात हे तंत्र पोहोचले ते मुख्यतः त्याच्या पहिल्या, साध्या रूपात : कोविडच्या साथीत जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तेव्हा विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) वेगळा काढणाऱ्या अनेक स्वयंचलित यंत्रांत चुंबकीय मणीच वापरले जात होते.