लिफ्ट वेगळी, डेल्टा-टी वेगळा

मालवण-गणपतीपुळ्याकडच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये एकाच हीट पंपावरून (एकीकडची उष्णता काढून दुसरीकडे टाकणाऱ्या मशीनवरून) सगळ्या कॉटेजना गार आणि गरम पाणी पाइपाने जात असेल, तर बिल वाढलं की सल्ला ठरलेला, ‘पाण्याचा फ्लो कमी करा, डेल्टा-टी वाढेल, सीओपी सुधारेल.’ यातलं शेवटचं वाक्य चूक आहे, आणि ते महागात पडतं. (सीओपी म्हणजे खर्च केलेल्या विजेच्या किती पट उष्णता मशीन हलवतं, ते माप.)

डेल्टा-टी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, सगळ्यांना पाठ असतो. १०० किलोवॅट पोचवायला ५ अंशांच्या फरकाला तासाला सुमारे १७ घनमीटर पाणी लागतं, १० अंशांना त्याच्या निम्मं. यात वाचते ती पाण्याच्या पंपाची वीज.

लिफ्ट मशीनच्या आत असते. मशीनमध्ये फिरणारा गॅस (रेफ्रिजरंट) ज्या तापमानाला उकळतो आणि ज्या तापमानाला द्रव होतो, त्यांतलं अंतर. कॉम्प्रेसर किती वीज खाणार ते यावर ठरतं. ७ अंशांचं गार आणि ६० अंशांचं गरम पाणी एकाच वेळी काढायचं तर गॅस साधारण ३ अंशांना उकळतो, ६४ ला द्रव होतो. लिफ्ट ६१. गरम पाणी ५० वर आणलं की लिफ्ट ५१ आणि सीओपीत १५ टक्क्यांच्या आसपास वाढ.

गोम इथे आहे. समजा पाणी ४५ ने परत येतंय आणि ५० ने जातंय. उष्णता तेवढीच ठेवून फ्लो निम्मा केला, तर ते ५५ ने बाहेर पडेल. डेल्टा-टी १० झाला खरा, पण कंडेन्सिंगही, म्हणजे गॅस द्रव होण्याचं तापमानही, ५ अंश चढलं, म्हणजे लिफ्ट वाढली. तोच १० चा फरक परतीचं पाणी ४० वर उतरवून मिळवला, तर पुरवठा ५० वरच राहतो. डेल्टा-टी नेहमी परतीकडून वाढवावा.

परतीचं पाणी गरम का येतं, याचं उत्तर प्लांटरूममध्ये नसतं, कॉटेजपाशी असतं. न वापरलेलं गरम पाणी तसंच परतीत सोडणारा थ्री-वे व्हॉल्व्ह, शेवटच्या कॉटेजला उघडा राहिलेला बायपास, बोअरच्या तांबड्या गाळाने भरलेली प्लेट (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा प्लेट हीट एक्स्चेंजर). गरज नसताना पाणी अडवणारे टू-वे व्हॉल्व्ह बसवा, प्लेट साफ करा, मशीनच्या किमान फ्लोपुरता एकच बायपास प्लांटरूममध्ये ठेवा. त्यानंतरच पंपाच्या व्हीएफडीला (पंपाचा वेग बदलणाऱ्या यंत्राला) हात लावा.

५० चं पाणी बंद लाइनमध्येच फिरू द्या आणि अंघोळीचं पाणी लागेल तसं प्लेटमधून तापवा. अंघोळीचं पाणी टाकीत साठवणार असाल तर ६० च हवं, नाहीतर लिजिओनेला हा आजार पसरवणारा जीवाणू वाढतो.

लिफ्ट उतरवायला गार पाणी ७ चं १२ करा, असंही सुचवतात. कोरड्या हवेत चालेल, कोकणात मुळीच करू नका. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ असतो, १२ च्या पाण्यावर खोलीतल्या एसीची कॉइल हवेतली पुरेशी ओल काढत नाही. खोली गार लागते, पण गाद्या कुबटतात आणि भिंतीला बुरशी धरते.

आणि मशीनची बाहेरची, हवेत उष्णता सोडणारी कॉइल. खाऱ्या वाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्सवर (पातळ पट्ट्यांवर) पांढरी पूड धरली की हवा अडते आणि जादा उष्णता बाहेर टाकताना लिफ्ट गुपचूप वाढते. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, साध्या नळीने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात.