नकाशाकारांची राष्ट्रीय संघटना आणि ‘खुली मालिका’ : पार्श्वभूमी

नाशिक शहर २० अंश उत्तर अक्षवृत्तावर वसलेले आहे, याची जाणीव टोपोशीट, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार सरकारी नकाशाचे पत्रक, हातात घेतल्यावर जितकी होते तितकी भूगोलाच्या पुस्तकाने होत नाही. एका सेंटिमीटरला पाचशे मीटर या प्रमाणाच्या जुन्या पत्रकांची हद्द याच वृत्तावर पडते, त्यामुळे पंचवटी ४६ एच/१६ या क्रमांकाच्या पत्रकावर येते आणि नाशिकरोड ४७ ई/१३ वर. अख्खे शहर एकत्र पाहायचे, तर एका पत्रकाची खालची कोरी कड कापून ते दुसऱ्याच्या माथ्याला चिकटवावे लागे आणि एवढे करूनही सांध्यावरचा रस्ता अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होई.

ही पत्रके काढणाऱ्यांची आणि वापरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. १७६७ पासूनच्या सरकारी सर्वेक्षणाची कथा सर्वांना ठाऊक आहे, ती येथे नको. नकाशाशास्त्राचा आंतरराष्ट्रीय महासंघ मात्र १९५९ मध्येच बर्न येथे उभा राहिला होता, म्हणजे आपल्याकडे अशी संघटना व्हायला पुढची वीस वर्षे जावी लागली. आपल्या संघटनेचे मुख्यालय नकाशाकामाची जुनी केंद्रे असलेल्या डेहराडून किंवा कोलकात्याऐवजी हैदराबादला झाले. सर्वेक्षकांची प्रशिक्षण संस्था आणि उपग्रहचित्रांचे काम करणारी यंत्रणा, दोन्ही त्याच शहरात होत्या. दरवर्षी वेगळ्या शहरात अधिवेशन आणि जागोजागी शाखा अशी तिची वाढ झाली. सर्वेक्षण खात्यातील अधिकारी, दूरसंवेदन क्षेत्रातील शास्त्रज्ञ आणि विद्यापीठांतील प्राध्यापक एका मांडवात आले, हे तिचे खरे यश होय. पण सभासदांचा मोठा हिस्सा सरकारी सेवेतला असल्याने नकाशा सामान्य माणसाच्या हाती कसा पडावा, या प्रश्नावर संघटनेचा आवाज नेहमीच बेताचा राहिला.

तो प्रश्न साधा नव्हता. सीमा आणि समुद्रकिनारा यांच्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणाचे, म्हणजे बारीक तपशील दाखवणारे, नकाशे निर्बंधित होते. सरळ रेषेत मोजल्यास नाशिक शहर या पट्ट्याबाहेर राहते, जिल्ह्यातील पेठ हे तालुक्याचे गाव मात्र आत येते. तेव्हा एकाच जिल्ह्यातील एका तालुक्याचा नकाशा दुकानात मिळावा आणि दुसऱ्याचा अर्ज-विनंत्यांत अडकावा, असा हा नियम होता.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी ‘खुली’. या ‘खुली’ शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कोणत्याच संज्ञेने घातला नसेल. खुली म्हणजे फुकट नव्हे. खुली म्हणजे संपूर्णही नव्हे, कारण संवेदनशील ठिकाणे तीत दाखवायची नव्हती आणि पत्रक प्रसिद्ध होण्याआधी संरक्षण मंत्रालयाची एकवार मंजुरी लागणार होती. देवळालीची छावणी, ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना ज्या जिल्ह्यात आहेत, तेथील वाचकाला या अटीचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको. त्यातच नवी मालिका एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती प्रारूप) सोडून जगभर वापरल्या जाणाऱ्या संदर्भप्रणालीवर बेतलेली असल्यामुळे जुने पत्रक नव्याशेजारी ठेवले तर अक्षांश-रेखांशांची जाळी जुळत नाही. निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता, पण ज्यांच्या कपाटांत जुन्या पत्रकांच्या गुंडाळ्या होत्या, त्या शाळा-महाविद्यालयांची सोय कोणी पाहिली नाही.

पुढचे बदल वेगाने झाले. २०१७ मध्ये खुल्या मालिकेची पत्रके आधार क्रमांक देऊन संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येऊ लागली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांवरची नकाशे करण्यासाठीच्या पूर्वपरवानगीची अट काढली. आडव्या दिशेत एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांपेक्षा सूक्ष्म माहितीचे निर्बंध परदेशी कंपन्यांपुरते उरले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक (म्हणजे स्थानाशी निगडित माहितीविषयीचे) धोरण आले. नाशिककरांचा सांधा मात्र नव्या क्रमांकांतही सुटलेला नाही : २० अंशांच्या उत्तरेकडील पत्रके एफ ४३ या गटात मोडतात आणि दक्षिणेकडील ई ४३ मध्ये.