नोटेतला खरा नॅनो

२०१६च्या नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत ‘नॅनो चिप’ असल्याची आवई व्हॉट्सॲपवर उठली आणि भलेभले तिच्यावर विश्वास ठेवून बसले. चिप कधी नव्हतीच. नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, मापाने बेतलेली वस्तू मात्र आपल्या नोटांवर २००० सालीच आली होती. त्या वर्षी पाचशे आणि हजाराच्या नोटांवरचा आकडा रंग बदलणाऱ्या शाईने छापला जाऊ लागला.

नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी पुरतं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची. तिथून पहिली निघाली ती पाच रुपयांची नोट. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. जलचिन्ह आणि बारीक कोरीव रेघांवर त्या काळी भागायचं, कारण नक्कल करणाऱ्यालाही हातात कसब लागायचं. १९८०च्या दशकात रंगीत झेरॉक्स आलं आणि कसबाची गरजच संपली. पण झेरॉक्स एकाच कोनातला रंग टिपतं. म्हणून कोनागणिक बदलणारा रंग हवा होता.

असा रंग निसर्गात जुनाच. रॉबर्ट हूकने १६६५मध्ये अभ्रकाच्या पापुद्र्यांतले रंग नोंदवले होते. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, हे कारण थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलं. हव्या त्या जाडीचा थर हुकमी बसवायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. निर्वात कक्षात फिल्मवर थर चढवायचे, ते खरवडून त्यांचा चुरा करायचा आणि शाईत कालवायचा. प्रत्येक कणात मधोमध ॲल्युमिनियम, दोन्ही अंगांना मॅग्नेशियम फ्लोराइड आणि सर्वांत बाहेर जेमतेम काही नॅनोमीटरचं क्रोमियम. फ्लोराइडच्या थराची जाडी काही शे नॅनोमीटर; रंग ठरतो तो तिच्यावर. नोट तिरपी केली की दोन लहरींच्या वाटेतला फरक घटतो, मग हिरव्याऐवजी आखूड लहरीचा निळा उठून दिसतो. यात रंगद्रव्य असं काही नाहीच, आणि मला यातली खरी गंमत वाटते ती हीच.

थायलंडने १९८७मध्ये ही शाई नोटेवर आणली. २०१३च्या नव्या पाच युरोच्या नोटेत कण चुंबकीय आहेत. शाई वाळण्याआधी चुंबकाने त्यांची दिशा बसवतात, त्यामुळे आकड्यावरून प्रकाशाचा पट्टा सरकताना दिसतो. आता संशोधक कणच वगळून थेट प्लॅस्टिकवर नॅनो आकाराचे खळगे ठसवू पाहताहेत. रंग सुरेख येतात. पण नोटेवर बसायचं तर घाम, घड्या आणि खिशासकट होणारी धुलाई सोसावी लागते.