पैसे भरायचे पान: भारतीय ऑनलाइन दुकानांच्या रचनेची पार्श्वभूमी

ऑनलाइन धंद्यासाठी वेबसाइट करून घ्यायची म्हटली की बोलणी रंग, लोगो आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या फोटोपासून सुरू होतात. भारतातल्या ऑनलाइन दुकानांची घडण मात्र खरी ठरली ती शेवटच्या पानावर, जिथे गिऱ्हाईक पैसे भरते.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येते. १९९९-२००० च्या सुमारास पुस्तके, सीडी, भेटवस्तू विकणाऱ्या साइट आल्या. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या डायल-अप इंटरनेटवर फोटो वरून खाली इंचाइंचाने उमटायचा. ऑनलाइन पैसे भरण्याची सवय अनेकांना रेल्वेच्या तिकिटांनी लावली. ऑगस्ट २००२ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा पैसे साइटवर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचे.

खरे वळण २००९ चे. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारात, कार्डावर छापलेली नाही अशी आणखी एक खूण तपासलीच पाहिजे, असे परिपत्रक देशाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारीत काढले. १ ऑगस्ट २००९ पासून ते लागू झाले. आधी ठरावीक पासवर्ड होता, पुढे ओटीपी रुळला. दुकानाच्या साइटवरून गिऱ्हाईक बँकेच्या पानावर जायचे, तिथे पासवर्ड टाकायचे आणि परत दुकानात यायचे. या दोन उड्यांत नेट गेले की पैसे कापले जायचे आणि ऑर्डर नोंदलीच जायची नाही. ‘रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका’ ही सूचना तेव्हापासून आपल्या ओळखीची झाली.

विक्रेते चिडले आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. भरलेली कार्ट शेवटच्या पायरीवर सोडून जाणारे गिऱ्हाईक हे थेट नुकसान होते. परदेशी गेटवेतून, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे दुकानापर्यंत पोचवणाऱ्या परदेशी सेवेतून, जाणाऱ्या व्यवहारांना ही अट आडवी येत नव्हती. एका परदेशी टॅक्सी कंपनीने हाच रस्ता धरला, तेव्हा २०१४ मध्ये ती पळवाट बंद करण्यात आली. २०१६ च्या अखेरीस दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना काही अटींवर सवलत मिळाली. तरीही माझ्या मते मूळ निर्णय योग्यच होता. नुसता कार्ड नंबर चोरून भारतीय दुकानात खरेदी करणे त्यामुळे अवघड झाले, आणि ज्यांनी आयुष्यात कधी ऑनलाइन पैसे भरले नव्हते त्यांना धीर आला. तो धीर नसता तर सुंदर फोटो काय कामाचे? चूक झाली ती अंमलबजावणीत. कापलेले पैसे ५ दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम यायला २०१९ उजाडले. तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

या अडथळ्यातूनच रचनेच्या पुष्कळ सवयी आल्या. खाते न उघडता खरेदी, फॉर्ममध्ये कमीत कमी रकाने, डोळ्यांत भरेल असा फोन नंबर. २०१० पासून मोठ्या दुकानांनी कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि वस्तूच्या पानावर पिनकोड तपासायची चौकट महत्त्वाची ठरली. लहान विक्रेत्यांना मात्र आरटीओने, म्हणजे दारातून परत येणाऱ्या पार्सलांनी, घाम फोडला. साडी परत आली तर पुन्हा विकता येते. हापूसची पेटी परत आली तर ती गेलीच.

मे २०१५ मध्ये कपडे विकणाऱ्या एका बड्या कंपनीने वेबसाइटच बंद करून सगळा कारभार ॲपवर नेला. जून २०१६ पर्यंत वेबसाइट पुन्हा सुरू करावी लागली. मोठ्या पडद्यावर निवांत कापड बघणारे गिऱ्हाईक तिने गमावले होते.

२०१६ मध्येच यूपीआय आले, सप्टेंबरपासून डेटा स्वस्त झाला, नोव्हेंबरात नोटाबंदी. मोबाइलवर बटण दाबले की पैसे भरायचे ॲप उघडते आणि संगणकावर क्यूआर कोड दिसतो, अशी पाने तयार झाली. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने भरलेल्या पैशांवर दुकानदाराला बँकेचे शुल्क उरले नाही, त्यामुळे ते पर्यायांच्या यादीत वर ठेवणे परवडू लागले. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक क्रमांक असतो.

जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि मालाचा मूळ देश दाखवणे बंधनकारक केले आणि आधीच टिक केलेल्या संमतीच्या चौकटींना मनाई केली. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या रचनेचे १३ प्रकार नावानिशी नोंदवले: खोटी घाई, न मागता कार्टमध्ये घातलेली वस्तू, शेवटच्या पानावर उगवणारे शुल्क. विकत मिळणाऱ्या अनेक थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यांमध्ये, उलटे चालणारे घड्याळ आधीच बसवलेले असते. सवलत खरोखर त्या वेळेला संपणार नसेल, तर ते काढून टाकायला साइट बनवणाऱ्याला मुद्दाम सांगावे लागते.