चित्रपटाचा इतिहास करून पाहताना

मुंबईत पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, १९ जानेवारी २०१९ रोजी राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयाचे उद्घाटन झाले. गुलशन महल या एकोणिसाव्या शतकातील वास्तूत मूकपटांपासून पुढचा इतिहास कालक्रमाने मांडला आहे. शेजारच्या नव्या इमारतीतील मुलांच्या विभागात मात्र कॅमेरा, प्रकाशयोजना, अभिनय यांचा अनुभव स्वतः घेता येतो आणि एकेक चित्र टिपून हलते दृश्यही तयार करता येते.

ही पद्धत रुळली ती १९८८ नंतर. त्या वर्षी लंडन आणि न्यूयॉर्क येथे स्वतंत्रपणे उघडलेल्या दोन संग्रहालयांनी प्रेक्षकाला काचपेटीपुढून हलवून थेट यंत्रांपाशी नेले. लंडनचे संग्रहालय १९९९ मध्ये बंद पडले. न्यूयॉर्कचे, जुन्या अस्टोरिया स्टुडिओच्या जागेतले, आजही सुरू आहे.

भारतात अशा मांडणीमागे आणखी एक कारण आहे, आणि ते वेदनादायक आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळी वापरली जाणारी नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते, काळाबरोबर सडते, आणि तिच्यातील चांदीसाठी ती वितळवलीही जात असे. पुण्यात चित्रपटांच्या प्रती जतन करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, तिथले अभिरक्षक पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून प्रती जमवल्या खऱ्या, पण तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. जो चित्रपट दाखवताच येत नाही, तो कसा घडला हे तरी समजावून देणे भाग होते.

खरे तर हा मार्ग दादासाहेब फाळके यांनी आधीच दाखवला होता. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करताना त्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली आणि ती फीत दाखवून या कलेची ताकद पटवून दिली. पुढे चित्रपट कसे तयार करतात, हे लोकांना दाखवणारा एक लघुपटही त्यांनी केला आणि त्यात स्वतः कामही केले. त्याचे काही अंश सुदैवाने उरले आहेत.

पुण्याचा संग्रह आणि मुंबईचे संग्रहालय आता एकाच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहेत. मुले जिथे एकेक चित्र जोडायला शिकतात, त्या टेबलाशेजारीच फाळक्यांचे हे अंश अखंड दाखवले जायला हवेत.