सॅमन फ्लाय फिशिंग : फेक न येणाऱ्याची सुरुवात

पिसे, प्राण्यांचे केस आणि चकचकीत धागे गळावर बांधून तयार केलेल्या ‘फ्लाय’ने सॅमन मासा पकडण्याची पद्धत. गळाने मासे पकडण्याच्या इतर प्रकारांत आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढत नेते. फ्लायला मात्र नावापुरतेच वजन असते. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. ती हवेत उलगडत जाते आणि टोकाच्या फ्लायला पुढे पोचवते. ही उलगड साधणे म्हणजे फेक, म्हणजेच कास्टिंग. ती वर्षानुवर्षे घोटावी लागते असे ऐकून पुष्कळ जण या छंदाकडे फिरकतच नाहीत. वस्तुतः ट्राऊट या नदीतल्या दुसऱ्या माशाच्या तुलनेत सॅमन नवख्याला बराच सांभाळून घेतो. त्याला कारण आहे माशाचा स्वभाव आणि नदीचा प्रवाह.

अटलांटिक सॅमन (साल्मो सालार) गोड्या पाण्यात जन्मतो, वाढीसाठी समुद्रात जातो आणि तिथे एक किंवा अधिक हिवाळे काढून अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत परततो. एकच हिवाळा काढून आलेल्या माशाला ग्रिल्स म्हणतात. नदीत शिरल्यावर सॅमनचे खाणे जवळजवळ बंद होते. अंगात साठवलेल्या चरबीवर तो पुढचे महिने काढतो. मग भूक नसताना तो फ्लाय का धरतो? जुनी सवय, चीड, जागेची राखण अशी अनेक उत्तरे दिली जातात. सर्वमान्य असे एकही नाही. नवख्याच्या दृष्टीने यातला कामाचा भाग वेगळाच आहे. ट्राऊटला त्या दिवशी पाण्यावर असलेल्या किड्याची हुबेहूब नक्कल लागते, तीही नेमक्या जागी, अलगद पडलेली. सॅमनला इतके सोपस्कार लागत नाहीत. विली गन, कॅस्केड, अ‍ॅलीज श्रिम्प, स्टोट्स टेल या त्याच्या नावाजलेल्या फ्लाय कोणत्याच किड्यासारख्या दिसत नाहीत. फ्लाय योग्य खोलीवरून आणि योग्य वेगाने माशासमोरून गेली पाहिजे, आणि हा वेग तिला पाणीच देते.

नेहमीची पद्धत अशी. नदीत किंवा काठावर उभे राहून दोरी पलीकडच्या काठाकडे पण खालच्या अंगाला (प्रवाह वाहतो त्या दिशेला), साधारण ४५ अंशांच्या कोनात टाकायची. प्रवाह दोरीला पकडतो, ताणतो, आणि फ्लाय कमानीत फिरत आपल्याच काठाकडे येते. ती थेट खाली येऊन थांबली की थोडा वेळ तशीच ठेवायची, मग एक-दोन पावले खाली सरकून पुन्हा फेक. शेतात तासाशेजारी तास धरत नांगर जावा तसा सगळा डोह वरून खालपर्यंत पिंजून काढायचा असतो. फेक वाकडी गेली, दोरी गुंतवळासारखी पडली, तरी प्रवाह तिला काही क्षणांत सरळ करतो आणि उरलेल्या फेरीत फ्लाय नीट चालते. पाणी वेगाचे असेल तर कोन अधिक खालच्या दिशेला घ्यावा, संथ असेल तर अधिक आडवा. दोरीचा मधला भाग प्रवाहाने पुढे ओढला जात असेल तर तो उचलून वरच्या अंगाला ठेवावा. याला मेंडिंग म्हणतात. हे एवढे ज्याला जमले तो १५ मीटरच्या साध्या फेकीवरही मासा पकडू शकतो, आणि ३० मीटर फेकून कोन चुकवणारा दिवसभर नुसता व्यायाम करतो.

लांब फेकीच्या हव्यासाचा आणखी एक तोटा आहे. नवखा माणूस पलीकडचे पाणी गाठण्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात शिरतो आणि काठालगत विसावलेले मासे त्याच्याच पायांनी उधळले जातात. सॅमन पुष्कळदा काठाच्या अगदी जवळ थांबतो. आधी काठावरूनच, आखूड दोरीने सुरुवात करणे शहाणपणाचे.

फेकीचे प्रकार अनेक असले तरी पहिल्या दिवशी एकच शिकावा : रोल कास्ट. डोक्यावरून मागे दोरी उडवणाऱ्या ओव्हरहेड फेकीला पाठीमागे मोकळी जागा लागते, आणि सॅमनच्या नद्यांच्या काठी बहुधा झाडे असतात. रोल कास्टमध्ये दोरी फारशी मागे जातच नाही. दोरी समोर पाण्यावर ताणलेली असताना दोन हातांनी धरलेल्या रॉडचे (गळाच्या लांब काठीचे) टोक सावकाश उचलत खांद्याच्या किंचित मागे न्यायचे आणि थांबायचे. टोकापासून मागे लोंबणाऱ्या दोरीला रोमन ‘डी’ अक्षराचा आकार येतो. तिचे पुढचे टोक मात्र पाण्याला चिकटून राहते. हा चिकटाच पुढच्या हालचालीत रॉडला वाकवतो. आता वरच्या हाताने ढकलण्यापेक्षा खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढायची, वेग वाढवत न्यायचा आणि रॉड उंचावरच एकदम रोखायचा. दोरी पाण्यावरून गुंडाळी सोडवत जाते. बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी : मागे नेताना घाई होते आणि दोरीची पाण्यावरची पकड सुटते, किंवा पुढे आणताना रॉड थेट पाण्यापर्यंत झोडपला जातो. जोर वाढवून यातले काहीच सुधारत नाही.

रोल कास्टने दिशा फारशी बदलता येत नाही, आणि फेरी संपल्यावर दोरी तर सरळ खाली असते. ती पुन्हा आडवी टाकण्यासाठी स्पे कास्ट लागते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या स्पे नदीवर, झाडी आणि चढण पाठीशी असलेल्या काठांवर ही रीत रुजली. तिच्यातली डबल स्पे शिकायला सोपी, कारण तिचे टप्पे सुटे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर क्षणभर थांबता येते. सिंगल स्पे दिसायला साधी, पण तिची सगळी मदार वेळ साधण्यावर असते. निवड मात्र वारा करतो. ‘डी’ नेहमी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवा, नाहीतर गळ उडून तोंडावर येतो. म्हणून वारा नदीच्या खालच्या दिशेला वाहत असेल तर डबल स्पे, वरच्या दिशेला वाहत असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप टी ही आणखी एक स्पे फेक. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी वारा नसतानाही हवीच.

मोठ्या नद्यांवर १५ फुटांपर्यंतचे दोन हातांनी धरायचे रॉड वापरतात. नवख्याला १३ फुटांच्या आसपासचा हलका रॉड आणि आखूड, जड डोक्याची दोरी अधिक सोयीची. तिचे सगळे वजन थोड्याच लांबीत असल्याने रॉड लवकर वाकतो. थंड आणि चढलेल्या पाण्यात बुडणारी दोरी व मोठी फ्लाय, उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पाण्यात तरंगणारी दोरी व छोटी फ्लाय, हा ढोबळ नियम. पाण्यात उतरायचे तर आधाराची काठी, वेडर्सवर (पाण्यात उतरण्याच्या जलरोधक विजारीवर) घट्ट पट्टा आणि जीवरक्षक जाकीट यांत तडजोड नको.

मासा फ्लाय धरतो तेव्हा झटका द्यायचा नसतो. सॅमन फ्लाय तोंडात घेऊन वळतो आणि त्या वळण्यातच गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. आधी नुसता जडपणा जाणवतो, मग रिळावरून दोरी सुटू लागते. तेव्हा कुठे रॉड उचलायचा. ट्राऊटची सवय असलेले लोक नेमके इथे फसतात, कारण त्यांचा हात आपोआप वर जातो. ज्याला कसलीच सवय नाही तो या एका बाबतीत त्यांच्या पुढे असतो. मासा उडी मारेल तेव्हा रॉड खाली करून दोरी सैल सोडावी.

फेक अजिबात न करताही सॅमन पकडण्याच्या रीती आहेत. स्कॉटलंडच्या टे नदीवर ‘हार्लिंग’ चालते : नावाडी होडी या काठाकडून त्या काठाकडे वल्हवत नेतो आणि मागे सोडलेली आमिषे पाण्यातून फिरत राहतात. ब्रिटनमध्ये रॉडवर पकडलेला विक्रमी सॅमन याच नदीतल्या होडीतून लागला. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी वडील वल्ही मारत असताना ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा मासा दोन तासांहून अधिक झुंजीनंतर काढला. आमिष फ्लाय नव्हते, पाण्यात गरगर फिरणारा डेस हा छोटा मासा होता, आणि बॅलंटाइन नवख्याही नव्हत्या.

स्कॉटलंडमध्ये सॅमन पकडण्याचा हक्क खासगी मालकीचा असतो. नदी ‘बीट’ नावाच्या पट्ट्यांत वाटलेली असते आणि मालकाच्या परवानगीने दिवसाच्या भाड्यावर ती मिळते. बऱ्याच बीटवर सोबत गिली, म्हणजे नदीचा माहीतगार मदतनीस, असतो. मासे कुठे थांबतात, आज कोणती फ्लाय, कुठे पाय घसरेल हे त्याला ठाऊक असते. फेकीचे प्राथमिक धडेही तोच देतो, त्यामुळे नवख्याने महागड्या रॉडऐवजी गिली असलेल्या बीटवर पैसे घालावेत. रविवारी सॅमन पकडायला बंदी आहे. हंगाम नदीगणिक वेगळा : टेवर १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर, ट्वीडवर १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. डोहावर आधीच कोणी असेल तर त्याच्या मागून, वरच्या टोकापासून सुरुवात करायची आणि एका जागी खिळून राहायचे नाही.

पकडलेला मासा घरी नेता येईल असे गृहीत धरू नये. १ एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन स्कॉटलंडमध्ये सोडावाच लागतो, आणि २०१६ पासून नद्यांची प्रतवारी करून तळाच्या प्रतीच्या नद्यांवर वर्षभर हीच सक्ती आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) अटलांटिक सॅमनला ‘संकटसमीप’ गटात टाकले. २००६ ते २०२० या काळात त्याची जागतिक संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. जून २०२४ मध्ये नॉर्वेने परतणाऱ्या माशांची संख्या फारच कमी पाहून ३३ नद्यांवरचा हंगाम मधेच थांबवला. म्हणून बिनकाट्याचा गळ वापरावा, हात ओले करून मासा पाण्यातच धरावा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यावा. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की सोडलेला मासाही पुष्कळदा जगत नाही. अशा दिवशी रॉड बाजूला ठेवतात.